बिनकागदी पोच

१० फेब्रुवारी

ही डायरी हापिसानं वाटलेली शेवटची. पुढल्या सालापासून छापणारच न्हाईत म्हणे. आज प्रशांतकुमार साहेबांनी मीटिंगमधी सांगून टाकलं, एक मार्चपासून आपल्या हापिसात कागद बंद. आणि मी खोलीवर येऊन पहिलं काय केलं, तर कागदावर लिहायला बसले! साहेबांच्या डोळ्याला ही वही पडली तर माझं काय खरं न्हाई. डब्याच्या पिशवीत तळाला ठेवायचं ठरवलंय.

साहेब नवीन हायत, वयानं माझ्यापेक्षा लहान, तरी भ्या वाटतं. ओरडत न्हाईत, त्याचंच जास्त वाटतं. आज भिंतीवर फोटो दाखवले. कुठल्याशा कागद कारखान्याखालचा ओढा, नुसता फेस, काठाला उताणी पडलेली मासळी. मग आमच्याच हापिसामागचा फोटो, दर शनिवारी रद्दी जाळतो ती जागा, आणि एका अंगानं करपलेला कडुलिंब. साहेब म्हणाले, “आपण नदीचं पाणी राखणारी माणसं. एक गेट उघडायचं तर गठ्ठाभर कागद काढतो. तो कागद करायला दुसऱ्या कुठल्या तरी नदीचं पाणी नासलंय, याची आपल्याला लाज वाटायला पाहिजे.” मला खरंच वाटली. त्या कडुलिंबाखाली मी रोज डबा खाते, पण मान वर करून कधी बघितलं न्हाई.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. म्हणाले, “जगदेवी, ही जबाबदारी तुमची. तुमचा हात कीबोर्डवर चांगला चालतो.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला चालत्या लुनाचं भ्या, विजेच्या बटनाचं भ्या, वरून फोन आला की घशाला कोरड. आख्खं हापिस मला भागूबाई म्हणतंय, आणि साहेबांनी नेमकं मलाच धरलं!

३ मार्च

झालं सुरू.

आमचं काम सांगायला सोपं हाय. भीमेवर कर्नाटकाच्या हद्दीत आमचा बंधारा, त्याची गेटं उघडायची असली की खालच्या गावांना आधी नोटीस द्यायची: नदीत उतरू नका, पाणी उपसायच्या मोटारी वर घ्या, जनावरं बाहेर काढा. आजवर आमचा शिपाई बळीराम लुनावर बसून गावागावाला नोटीस द्यायचा आणि सही आणायचा. सही म्हणजे पोच. पोच मिळाल्याबिगर गेटाला हात लावायचा न्हाई, हा जुना नियम.

आता नोटीस मोबाईलच्या ग्रुपवर. पण पोच कशी घ्यायची? साहेब विचार करत बसले. माझ्या तोंडातनं निघून गेलं, “साहेब, ज्याला निरोप मिळाला त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकायचं. आपल्याकडं मोठ्या माणसाच्या निरोपाला हात जोडल्याबिगर कुणाला चैन पडतंय?” साहेब चक्क हसले. नियमात घातलं त्यांनी.

सकाळी ‘चाचणी संदेश’ टाकला आणि मी पदराचं टोक चावत बसले. एका गावानं जरी हात जोडले न्हाईत तर इज्जत गेली. पण सगळ्या गावांचे पटापटा आले! आणि सगळ्यात पहिले कुणाचे? आमच्या अप्पांचे! आमच्या गावातनं पोच द्यायला तेच हायत; साहेबाचा मेसेज आला की हात जोडायचे, असं मी आधीच घरी फोनवर बजावलं होतं. आधी बी सही तेच द्यायचे, कारण दिवसभर शेरडं घेऊन नदीतल्या बेटावर असतात, बळीरामला तेच पहिले सापडायचे. ज्या माणसाला फोनवर साधा नंबर लावाया येत न्हाई, त्यानं साहेबाला अर्ध्या मिनिटात हात जोडले. बाप हुशार झाला माझा. आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

बळीरामएवढा खुश तर कुणीच न्हाई. “अक्का, गुडघ्याची पार वाट लागली होती बगा. हितनं नोटीस घिऊन जायाचं, काठावर हुबं राहून बोंबलायचं. ती मानसं काय लवकर येतेत व्हय वर? नदीतनं चढून येईस्तोवर मी बाभळीखाली बसायचो. सही झाली की म्हनायची, आता आलोच हाव वर तर चल, च्या पिऊ. मग जनावरं हाकलत सगळी गावात. च्या पिऊन पिऊन शुगर झाली मला.” त्याची बडबड ऐकत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. मला रिपोर्ट पाठवायचा होता.

८ मार्च

आज शनिवार, आणि मागं धूर न्हाई. शेजारच्या अंगणवाडीच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, आज लेकरं खोकली न्हाईत. मी म्हटलं, साहेबांना सांगा. त्या म्हणाल्या, तुमीच सांगा. मी बी सांगितलं न्हाई. साहेबांच्या खोलीत विनाकारण कोण जाईल?

पण बरं वाटलं. लुनाचं पेट्रोल वाचलं, छपाई वाचली, धूर वाचला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातनं काहीतरी चांगलं घडायलंय असं वाटलं, आणि लगेच भ्या वाटलं की आता ते बिघडणार.

२१ मार्च

रात्री झोप लागंना गेलीय. सपनात सारखं येतंय की मी एक बटन दाबलं आणि सगळं पुसून गेलं. दिवसातनं दहादा ग्रुप उघडून बघते. काल साहेबांनी चिमण्यांचा फोटो टाकला, चिमणी दिन म्हणून. सगळ्या गावांनी हात जोडले, अप्पांनी पहिले. हापिसातल्या एकाचे सासरे वारले, ते टाकलं, तिथं बी हात. आपली माणसं खरंच रीतीची.

मागल्या आठवड्यात एक गेट थोडं उघडलं होतं. नोटिशीला सगळ्यांचे हात आले. तरी एका गावच्या बाबाची मोटार वाहून गेली म्हणून तो भांडायला आला. मी ग्रुप उघडून दाखवला, “हे बगा, तुमच्या फोनवरनं हात जोडलेत. निरोप मिळाला होता, मग मोटार कामून काढली न्हाई?” त्यानं स्वतःच्याच फोनकडं असं बघितलं की मला हसू आलं. गप निघून गेला.

साहेबांनी आणखी एक नियम काढला: तोंडी हुकूम बंद. गेटावरच्या नागेंद्रनं लेखी मेसेज आल्याबिगर गेट उघडायचं बी न्हाई आणि लावायचं बी न्हाई. चांगलंय. उद्या कुणी म्हणायला नको की जगदेवीनं फोनवर सांगितलं. नागेंद्रला मीच चार-चारदा बजावलंय.

१४ एप्रिल

सुट्टी होती, गावाकडं जाऊन आले. नागराज, माझा धाकटा भाऊ, पुण्याला बांधकामावर हाय. घरी अप्पा आणि नागराजची बायको रेणू. पोरगी सीमेपल्ल्याडची, अक्कलकोटाकडची, लई गुणाची. मी आत बोलत बसले होते, तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला, साहेबांचा जयंतीच्या शुभेच्छांचा मेसेज. रेणूनं काय करावं? डोक्यावर पदर घेतला! मला हसून हसून ठसका लागला. “अगं येडे, साहेब काय फोनमधनं बघायलेत व्हय?” ती लाजली, “तसं न्हाई अक्का, मोठा मानूस हाय न्हवं.”

अप्पांचा फोन बघितला तर कडेनं चिखल वाळलेला. मला धडकी भरली. भिजून बंद पडला तर आमच्या गावची पोच कोण देणार? उद्या साहेब म्हणतील, हिच्या बापाचीच पोच न्हाई. मी अप्पांना चांगलंच झापलं. “फोन नदीत न्यायचा न्हाई. बेटावर तशी बी रेंज न्हाई. घरात चार्जिंगला लावून ठेवायचा, समजलं का?” अप्पा म्हणाले, “बरं बाई. तू म्हनतीस तसं.” त्यांनी माझं कधी नव्हे ते ऐकलं.

येताना गाडीत सारखं वाटायलं होतं, काहीतरी विसरलंय. पिशवी तीनदा तपासली. काही विसरलं नव्हतं.

२३ एप्रिल

लिहावं का न्हाई कळंना. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेय. अप्पा आत हायत. जिवंत हायत. हे पहिलं लिहिते.

काल दुपारी बाराला गेटं उघडायची होती. खालच्या शहराला प्यायला पाणी न्हाई, वरून तातडीचा हुकूम. परवा संध्याकाळी मी नोटीस टाकली. सगळ्यांचे हात आले, अप्पांचे बी. साहेब सकाळीच कलबुर्गीला गेले, वरच्या मीटिंगमधी आमच्या बिनकागदी हापिसाचं कौतुक होतं. बाराला गेटं उघडली. मी डबा खाल्ला. कैऱ्या आल्या का इचारायला म्हणून घरी फोन लावला. कैऱ्यांसाठी!

रेणूनं उचलला. मी म्हटलं, अप्पांना दे. ती म्हणाली, “अप्पा नदीत हायत की, बेटावर. काल बी तितंच होते.”

“नदीत? अगं, काल नोटीस टाकली ना?”

“व्हय की. म्या लगेच हात जोडले.”

“तू जोडलेस?”

“फोन घरी असला की मीच जोडतेय अक्का. तुमीच म्हनला होताव न्हवं, साहेबाचा मेसेज आला की हात जोडायचे म्हनून.”

“अगं, त्यात लिव्हलंय काय ते वाचलंस का?”

“त्ये कन्नडात आस्तंय, अक्का. मला कुठं कन्नड वाचाया येतंय?”

मी नोटीस कन्नडात लिहिते, कारण हापिस कन्नडात हाय, आणि गावातल्या पुरुषांना कन्नड येतं. फोन घरात ठेवा म्हणून मीच सांगितलं, आणि घरात महाराष्ट्रातनं आलेली सून. बाकीच्या गावांत कोण हात जोडत असेल? ह्या सीमेवर घराघरात तिकडच्या पोरी हायत. तो मोटारवाला बाबा फोनकडं तसा कामून बघत होता, ते मला आत्ता कळलं.

नागेंद्रला फोन लावला. “गेट बंद कर, नदीत मानसं हायत!” तो म्हणाला, “अक्का, तोंडी चालत न्हाई. साहेबांचा मेसेज पायजे. तुमीच चार-चारदा सांगिटलाव.” साहेबांना फोन लावला, वाजून वाजून बंद. परत लावला. परत तेच. मग मी साहेबांच्या खोलीत गेले, त्यांच्या खुर्चीवर बसले. हापिसाच्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडं असतो. साहेबांच्या नावानं टाइप केलं, सगळी गेटं ताबडतोब बंद करा. बोट बटनावर ठेवलं आणि मनात आलं, जगदेवी, तुझी नोकरी गेली. मग दाबलं. नागेंद्रनं हात जोडले. मी फोनवर ओरडले, “हात जोडू नगंस, बंद कर!”

बळीरामच्या लुनावर मागं बसले. त्यानं कशी पळवली देव जाणे. काठावर पोचलो तेव्हा पाणी बेटाच्या दोन्ही अंगांनी आलेलं. वाळू काढून काढून तिथं नदीच्या पोटात खोल खड्डे पडलेत, वरून दिसत न्हाईत. शेरडं ओरडत होती. अप्पा बेटावरच्या येड्या बाभळीला धरून, पाणी छातीपर्यंत, काखेत एक करडू. बळीराम ओरडला, असा ओरडला की पल्ल्याडच्या काठाची माणसं धावत आली. कोळ्यांच्या माणसांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून दोर टाकला. गेटं बंद झाली होती, म्हणून पाणी तिथनं वर चढलं न्हाई. ते चढलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

अप्पांना वर आणलं तेव्हा करडू मेलेलं होतं. तरी सोडंनात. निम्मी शेरडं गेली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

२६ एप्रिल

अप्पांच्या छातीत पाणी गेलंय, डॉक्टर म्हणायलेत, बरं होईल. ते रेणूशी बोलतात, नर्सशी बोलतात, बळीरामशी च्याचं बोलतात. माझ्याशी न्हाई. मी मोसंबी सोलून दिली, घेतली न्हाई. रेणूनं दिली, खाल्ली. ती बिचारी कोपऱ्यात रडत बसतेय. तिला मी सांगितलं, तुझी काय चूक न्हाई गं. ती म्हणाली, मग कुणाची?

आज गावातली सावित्रम्मा बघायला आली. नदीतनं जळण गोळा करणारी म्हातारी. त्या दिशी ती बी बेटावर होती म्हणे. तिला वरच्या अंगाला आवाज ऐकू आला, पाण्याचा रंग फिरलेला दिसला. ती अप्पांना म्हणाली, “शिवाप्पा, चला वर. पानी सोडलंय वाटतं.” अप्पा जागचे हलले न्हाईत. तिला म्हणाले, “न्हाई गं. माझी लेक पान्याच्या हापिसात हाय. पानी सोडनार असतं तर तिनं सांगिटलं असतं मला.” ती एकटीच वर आली.

म्हातारी सहज सांगून गेली. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं, परत धुतलं. मला साहेबाचं भ्या होतं, मशिनीचं भ्या होतं, नोकरीचं भ्या होतं. आणि माझा बाप माझ्या भरवशावर नदीत बसून होता.

३० एप्रिल

साहेबांपुढं उभी राहिले. त्यांच्या नावानं मेसेज टाकला हे मीच सांगितलं. ते म्हणाले, “माहीत आहे. वर कळवावं लागेल. काय होईल ते माझ्या हातात नाही.” मग उठून खिडकीशी गेले, कडुलिंबाकडं बघितलं. त्यांचा बी चेहरा उतरलेला. शेवटी म्हणाले, “कागद परत सुरू करू, जगदेवी. माझंच चुकलं.”

माझ्या तोंडातनं “न्हाई साहेब” कसं निघालं, मलाच कळलं न्हाई. आजवर मी साहेब लोकांना न्हाई म्हटलेलं न्हाई. म्हटलं, “कागद परत आला की धूर परत आला, अंगणवाडीतला खोकला परत आला. आणि साहेब, बळीरामच्या हातातली नोटीस तरी कोण उघडून बघत होतं? सही करायला माणूस नदीतनं वर चढायचा आणि मग च्या पिऊन गावातच थांबायचा. बळीरामला बी ते ठाऊक नव्हतं. आपण कागदाबरोबर ते वर चढणंच बंद केलं.”

“मग काय करायचं?”

“ग्रुप राहू दे, मराठीत बी लिहू. पण हातांची पोच बंद. गावागावातनं एकानं काठावर उभं राहून नदी बघायची आणि फोनवर तोंडानं सांगायचं, कुणी न्हाई म्हणून. सगळी गावं बोलल्याबिगर गेट उघडायचं न्हाई.”

साहेब म्हणाले, “एवढे फोन कोण करणार?”

म्हटलं, मी. आणि खोलीवर येऊन सगळ्या गावांचे नंबर फोनात भरून घेतले.

१२ मे

माझ्यावरच्या कारवाईचं अजून काही आलं न्हाई. पोस्टमन दिसला तरी छातीत धस्स होतं, आता कागद येत न्हाईत हे विसरून.

अप्पा घरी गेलेत. रेणू म्हणते, उरलेली शेरडं घेऊन परत नदीवर जायलेत. माझं नाव काढत न्हाईत.

आज गेटं उघडायची होती. सकाळपासून एकेका गावाला फोन लावले. “काठावर हायसा का? सगळीकडं बघितलंत का? वरच्या अंगाला?” लोक वैतागले. एकानं तर शिवी घातली, ती बी घेतली. शेवटी राहिलं आमचं गाव. अकरा वाजून गेले होते. खालच्या शहरातनं साहेबांना फोनावर फोन, टँकर संपले, कधी सोडताय? साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे. दुसऱ्या फोनवर नागेंद्र, बटनापाशी.

मी अप्पांचा नंबर लावला. रेणू उचलेल म्हणून “रेणू, काठावर पोचलीस का?” म्हटलं. तिकडनं वाऱ्याचा आवाज आला, आणि खोकला. रेणूचा न्हाई.

“अप्पा?”

बाकीच्यांना विचारलं तसंच विचारलं, “पानी सोडायलाव, अप्पा. नदीत कोन हाय का?”

लई वेळ नुसता वारा. साहेब घड्याळ बघायले. मग अप्पांचा आवाज आला.

“थांब.”

तेवढंच. फोन चालूच काठावर ठेवला असावा. त्यांच्या वहाणा वाळूत घासत गेल्या, आवाज लांब लांब होत गेला, कुणाला तरी हाका मारायले होते. साहेब म्हणाले, “जगदेवी, खालून फोन येतायत. किती वेळ?” म्हटलं, “थांबा, साहेब.” नागेंद्र दुसऱ्या फोनमधनं म्हणाला, “अक्का, उघडू का?” त्याला बी म्हटलं, “बोट काढ त्या बटनावरनं.” साहेब खुर्ची ओढून बसले. शहराचा फोन परत वाजला, त्यांनी तो उचलून “थांबा” म्हणून ठेवून दिला.

मी फोन कानाला दाबून धरला होता, कान दुखायला लागला. नदीचा वारा, लांबनं शेरडांचा आवाज, मग परत वहाणा, आता जवळ, आणि कुणीतरी बाया धापा टाकायलेल्या.

“जळनाला गेल्या होत्या पल्ल्याड,” अप्पा म्हणाले. त्यांना बी दम लागला होता. “आल्या दोघी बी वर. सोड आता.”